परीक्षेची फी घरखर्चात लिहा

एका वाचक मैत्रिणीचं पत्र थोडं कमी करून देतेय, ओळख पटेल असे तपशील काढलेत:

"ताई, मी बीडीएस, म्हणजे डेंटिस्ट. बार्शीत माझं स्वतःचं छोटं क्लिनिक होतं आणि बरं चालायचं. नवऱ्याला आयटीत स्कोप होता म्हणून एक्स्प्रेस एंट्री या पॉइंटवाल्या योजनेतून पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, काढून आम्ही कॅनडात आलो, ब्रॅम्प्टनला राहतो. आल्यावर आधी वेअरहाउसमध्ये पॅकिंग केलं, आता एका डेंटल क्लिनिकच्या फ्रंट डेस्कला आहे. स्क्रीनवर पेशंटचे एक्स-रे दिसतात, काय झालंय ते मला लगेच कळतं आणि मी फोनवर अपॉइंटमेंट देत बसते. घराचा हप्ता त्याच्या पगारातून जातो म्हणून एएफके या लायसन्ससाठीच्या पहिल्या परीक्षेची फी मी माझ्या पगारातून साठवून भरली. मुलगा साडेतीन वर्षांचा, तो झोपला की रात्री अकराला अभ्यासाला बसायचे. परीक्षा थोडक्यात गेली. नवरा वाईट नाही, पण म्हणतो आता परीक्षांवर पैसे घालू नकोस, दातांची सफाई करणाऱ्या हायजिनिस्टचा कोर्स कर, दोन वर्षांत पगार सुरू होईल. सासूबाईंना दुसरं नातवंड हवंय. बाबांनी बार्शीत सगळ्यांना सांगून ठेवलंय की मुलगी कॅनडात डॉक्टर आहे, माझी डेंटल चेअर त्यांनी अजून विकलेली नाही, चादर घालून ठेवलीये. मी परत परीक्षा देऊ, हायजिनिस्ट होऊ की सरळ परत जाऊ? आणि तुमचं उत्तर नवऱ्याला दाखवलं तर चालेल का?"

अगं, तू एवढे प्रश्न विचारलेस पण माझी नजर अडकली ती फीच्या वाक्यावर, जे तू सहज लिहून पुढे गेलीस. घराचा हप्ता दोघांचा, गाडीचा हप्ता दोघांचा, आणि तुझ्या लायसन्सची परीक्षा तेवढी तुझी एकटीची, हे कधी ठरलं? बहुतेक कोणी बसून ठरवलंच नसेल, आपोआप झालं असेल. मी टोरंटोत सेटलमेंटच्या कामात आहे, नवीन आलेल्या लोकांचे कागद, नोकऱ्या, मुलांच्या शाळा हे सगळं बघते, आणि हे असंच मी खूप घरांत बघितलंय. आधी त्याची नोकरी लागते, मग त्याच्या नोकरीच्या जोरावर घर घेतलं जातं, मग घराचा हप्ता आहे म्हणून तिला जी मिळेल ती नोकरी धरावी लागते, आणि ती नोकरी, मूल, स्वयंपाक हे सगळं उरकून जो वेळ आणि जो पैसा उरेल त्यात तिने परीक्षा द्यायची. नवरा चांगला असतो, मदतही करतो, तरी हे असंच होतं कारण तिची परीक्षा घराच्या हिशोबात कुठे लिहिलेलीच नसते.

तुझा निकाल बघून मला तुझ्या बुद्धीबद्दल काहीही कळलं नाही, तुमच्या घराच्या टाइमटेबलबद्दल मात्र बरंच कळलं. दिवसभर नोकरी करून रात्री अकराला अॅनाटॉमी आणि फार्माकोलॉजी उघडणाऱ्या बाईची परीक्षा थोडक्यात जाते म्हणजे ती तयारीच्या खूप जवळ आहे असं मी समजते. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगते, तू परत परीक्षा द्यावीस, पण गेल्या वेळेसारखी नाही. एक पूर्ण, नीट, दिवसाच्या उजेडातला प्रयत्न तुला अजून मिळालेलाच नाही, तो मिळाल्याशिवाय बाकी कुठल्याच पर्यायाचा निर्णय घेऊ नकोस.

आता आधी एक गोष्ट तुझ्या मनातून काढूया, कारण पत्रभर तू स्वतःला अपराधी समजून लिहिलंयस. तुम्ही पीआरसाठी अर्ज केला तेव्हा सीआरएसच्या, म्हणजे अर्जदारांना गुण देण्याच्या पद्धतीच्या, स्कोअरमध्ये जोडीदाराचे पण पॉइंट असतात, शिक्षणाचे १० पर्यंत, इंग्रजीचे २० पर्यंत, आणि तू बीडीएस, आयईएलटीएस दिलेली, म्हणजे तुमच्या घराला कॅनडात आणण्यात तुझ्या डिग्रीचाही वाटा आहे. मग विमानातून उतरल्यावर तीच डिग्री चालत नाही असं का होतं, तर माणसं आत घ्यायची की नाही हे केंद्र सरकार ठरवतं आणि कोणी काय प्रॅक्टिस करायची हे प्रांत ठरवतो, तेही थेट सरकार नाही तर त्या त्या व्यवसायाचं कॉलेज, म्हणजे शिकवणारं नाही, लायसन्स देणारी संस्था. आपल्या ऑन्टारिओ प्रांतात हे सगळं १९९१ च्या रेग्युलेटेड हेल्थ प्रोफेशन्स अॅक्टखाली चालतं आणि दातांसाठी रॉयल कॉलेज ऑफ डेंटल सर्जन्स ऑफ ऑन्टारिओ आहे. ज्या हाताने डिग्रीचे पॉइंट दिले आणि ज्या हाताने लायसन्स द्यायचं ते दोन हात एकमेकांशी बोलतच नाहीत. हे अन्यायाचं आहे असं मला वाटतं, मी ते उघड म्हणते, एखाद्या देशाने डिग्री बघून माणसं बोलवायची आणि मग ती डिग्री फ्रंट डेस्कला बसवायची हे बरोबर नाही. पण हा दोष व्यवस्थेच्या रचनेतला आहे आणि तू तो स्वतःच्या अंगावर घेऊन फिरतेयस.

इंजिनिअर लोकांचा प्रश्न वेगळा होता, त्यांना ऑन्टारिओत पी.इंज. लायसन्ससाठी कॅनडातला एक वर्षाचा अनुभव मागायचे, ती अट मे २०२३ मध्ये काढून टाकली. २०२६ च्या जानेवारीपासून तर २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला जाहिरातीत 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स हवा' असं लिहितासुद्धा येत नाही. हे मी का सांगतेय, तर तुमच्या ओळखीत कोणीतरी नक्की म्हणत असेल की आता नियम बदललेत, आता सगळं सोपं झालंय. तुझ्यासाठी नाही झालं गं. तुझी अडचण अनुभवाची नाहीच, परीक्षांची आहे, आणि त्या तशाच्या तशा उभ्या आहेत.

तर त्या परीक्षा. तुला माहीत आहेत पण तू हे नवऱ्याला दाखवणार आहेस म्हणून त्याच्यासाठी पण लिहिते. नॅशनल डेंटल एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडा, म्हणजे एनडीईबी, ही १९५२ मध्ये संसदेच्या कायद्याने झालेली संस्था. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड इथल्या मान्यताप्राप्त कॉलेजमधून पास झालेले थेट शेवटच्या सर्टिफिकेशन परीक्षेला बसतात. आपल्या बीडीएसला ती मान्यता नाही, त्यामुळे आपल्याला आधी इक्विव्हॅलन्सीतून, म्हणजे आपलं शिक्षण इथल्या तोडीचं आहे हे सिद्ध करणाऱ्या परीक्षांतून, जावं लागतं. पहिली एएफके, म्हणजे बेसिक सायन्स आणि क्लिनिकल विषयांचं ज्ञान. मग एसीजे, त्यात केस वाचून आणि एक्स-रे बघून निदान आणि निर्णय. मग एनडीईसीसी, ती ओटावाला जाऊन द्यायची, त्यात डमीच्या तोंडात प्रत्यक्ष काम आणि दुसऱ्या भागात पेशंटशी बोलणं, प्रसंग हाताळणं. मग सर्टिफिकेशन, मग ऑन्टारिओच्या कॉलेजचं रजिस्ट्रेशन. यातली एनडीईसीसी सगळ्यात महाग, एएफके-एसीजेपेक्षा कितीतरी जास्त, आणि तिची तयारी करायची तर हँडपीस, म्हणजे दात कोरायचं यंत्र, हातात घेऊन लॅबमध्ये प्रॅक्टिस लागते, त्या लॅबचे पैसे वेगळे. सगळं धरून हा हजारो डॉलर्सचा आणि काही वर्षांचा रस्ता आहे, हे मी कमी करून सांगणार नाही.

दुसरा रस्ता युनिव्हर्सिटीचा. टोरंटो, वेस्टर्न, यूबीसी अशा काही ठिकाणी बाहेरच्या डेंटिस्टना साधारण दोन-अडीच वर्षांत तिथलीच डिग्री पूर्ण करता येते आणि मग एसीजे-एनडीईसीसीची गरज राहत नाही. ऐकायला फार छान वाटतं. पण जागा मूठभर आणि फी एक लाख डॉलरच्या वर सहज जाते, आणि तिथे अर्ज करायलाही एएफकेचा स्कोअर लागतोच, चांगला लागतो. म्हणजे कुठूनही गेलीस तरी पहिलं दार एएफकेचंच, म्हणून आत्ता पुढच्या परीक्षांचं टेन्शन घेऊन रात्र घालवू नकोस, पण दुसरीकडे एएफके हवी तितक्या वेळा देता येत नाही, मर्यादा आहे, त्यामुळे 'बघू, देऊन तर टाकू' असा अर्धवट प्रयत्न परत अजिबात करायचा नाही. तयारी होत नसेल तर तारीख पुढे ढकल, पण अर्ध्या तयारीने बसू नकोस.

वेळ कुठून आणायचा, तर तुझ्या पत्रातच त्याचं उत्तर आहे, मुलगा साडेतीन वर्षांचा. ऑन्टारिओत ज्या वर्षी मूल चार वर्षांचं होतं त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून ज्युनिअर किंडरगार्टन, पूर्ण दिवस, सरकारी शाळेत फुकट. रजिस्ट्रेशन केलंय का? नसेल तर याच आठवड्यात तुमच्या स्कूल बोर्डाच्या साइटवर जाऊन कर. तोपर्यंत डे-केअर असेल तर बघ की ते सरकारी योजनेतलं आहे का, तशा ठिकाणी २०२५ पासून दिवसाला २२ डॉलरच्या वर घेता येत नाही, वेटिंग लिस्ट असते पण नाव तर घालून ठेव. आणि मुलगा शाळेत जायला लागला की ते तास लगेच 'आता तू फुलटाइम कर' असं म्हणून नोकरीला देऊन टाकू नकोस. बहुतेक घरांत तेच होतं, मूल शाळेत जातं आणि मोकळे झालेले तास शिफ्टमध्ये जातात. ते तास परीक्षेचे आहेत हे आत्ताच, सप्टेंबरच्या आधी घरात बोलून ठेव.

नोकरी पूर्ण सोड असं मी म्हणणार नाही, ब्रॅम्प्टनचे हप्ते मला माहीत आहेत. पण पाचाचे तीन दिवस करता येतात का बघ. आणि फ्रंट डेस्कवरून असिस्टिंगला सरकता आलं तर उत्तम. डेंटल असिस्टंट हा ऑन्टारिओत रेग्युलेटेड व्यवसाय नाही, त्यामुळे काही क्लिनिक बाहेरच्या डेंटिस्टना चेअरसाइडला, म्हणजे खुर्चीशेजारी मदतीला, घेतात, नियमात बसेल तेवढंच काम देतात, आणि एक्स-रे वगैरेसाठी कोर्स-सर्टिफिकेट लागतं ते विचारून घे. पगारात फार फरक पडेल न पडेल, पण तिथे उभं राहून जे शिकशील ते फोन घेऊन शिकणार नाहीस. इथे पेशंटला ट्रीटमेंट कशी समजावतात, संमती कशी घेतात, नोट्स कशा लिहितात, हे सगळं एसीजे आणि एनडीईसीसीमध्ये वेगळ्या वेषात परत येतं. बार्शीत तू दिवसाला किती दाढा काढल्या असशील, हात तुझा तयार आहे यात मला शंका नाही, पण तिकडच्या रोजच्या प्रॅक्टिसमध्ये रबर डॅम, म्हणजे दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा, आपण किती वेळा लावायचो? इथे तो लावणं गृहीत असतं. क्राउन प्रेपमध्ये, म्हणजे कॅपसाठी दात घासताना, मिलिमीटरच्या हिशोबाने मोजतात. आपल्याकडे अनुभवी हाताने अंदाजाने जे छान होतं ते इथे मोजपट्टीला लागतं, आणि अनुभवी डेंटिस्ट नेमके इथेच अडकतात, नवखे नाही. तेव्हा एनडीईसीसी दूर असली तरी डोळे आतापासून उघडे ठेव.

एकटीने अभ्यास करू नकोस हे मात्र कळकळीने सांगते. ब्रॅम्प्टन-मिसिसागात पंजाबी, गुजराती, इराणी, इजिप्शियन, सीरियन डेंटिस्ट इतक्या संख्येने हाच रस्ता चालतायत की तुला पार्टनर मिळायला वेळ लागणार नाही. दोघी-तिघी धरा, लायब्ररीची स्टडी रूम बुक करा, आठवड्यातून दोन दिवस ठरलेल्या वेळी बसा. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत 'तू काय करतेस' हा प्रश्न टाळायला तू कोपऱ्यात उभी राहतेस असं लिहिलं नाहीयेस, पण मला वाटतं राहत असशील. या बायकांमध्ये तो प्रश्न कोणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. फक्त ग्रुपवर कोणी मागच्या परीक्षेचे 'आठवलेले प्रश्न' फिरवायला लागलं तर तिथून बाहेर पड, परीक्षेतला मजकूर बाहेर आणणं हा सरळ नियमभंग आहे आणि एवढ्या कष्टाने जमवलेलं त्यासाठी पणाला लावायचं नाही.

आणि हो, तुमच्या ओळखीतलं कोणी ना कोणी म्हणत असेलच, 'अगं तू तर डॉक्टर, जरा माझी दाढ बघ ना, घरीच काहीतरी टाकून दे, इथे केवढं बिल होतं.' बघायचं नाही. चहा दे, कुठल्या क्लिनिकला जायचं ते सांग, सरकारच्या कॅनेडियन डेंटल केअर प्लॅनमध्ये ते बसतात का ते बघून दे (घराचं उत्पन्न ९०,००० डॉलरच्या खाली आणि डेंटल इन्शुरन्स नसेल तर बसू शकतात, २०२४ मध्ये आधी ज्येष्ठांपासून सुरू झाला, आता बाकी वयाच्यांनाही मिळतो). पण लायसन्सशिवाय कोणाच्या तोंडात हात घालायचा नाही, मोफत असलं तरी नाही. पुढे रजिस्ट्रेशनच्या वेळी अशी एखादी तक्रार निघाली तर सगळं मुसळ केरात.

आता हायजिनिस्ट. हे मी नीट सांगते कारण मला हायजिनिस्टचं काम कमी वाटत नाही. तो स्वतंत्र, रेग्युलेटेड व्यवसाय आहे, त्यांचं कॉलेज वेगळं, परीक्षा वेगळी, आणि कमाई चांगली असते. बाहेरच्या कितीतरी डेंटिस्ट बायका हायजिनिस्ट झाल्या आणि समाधानी आहेत, त्यांनी तो निर्णय स्वतः घेतला होता. तुझ्या बाबतीत मला खटकतं ते हे की हा पर्याय तुझ्या तोंडून आलेला नाही. पत्रात तू लिहिलंस 'नवरा म्हणतो', सासूबाईंचं लिहिलंस, बाबांचं लिहिलंस, तुला हायजिनिस्ट व्हायला आवडेल का याबद्दल एक अक्षर नाही. आणि हिशोबानेही बघ ना, खाजगी कॉलेजचा कोर्स करायचा तर ती फी पण हजारोंत, दोन वर्षं त्यातही जाणार, आणि त्या दोन वर्षांत तुझं बीडीएसचं वाचन अजून मागे पडणार. ज्या घरात परीक्षेला पैसे नाहीत त्याच घरात कोर्सला पैसे निघतात, याचा अर्थ पैसे आहेत, भरवसा कमी पडतोय. एएफकेचा एक नीट प्रयत्न करून तुला स्वतःला वाटलं की बास, आता हा रस्ता नको, तर खुशाल हायजिनिस्ट हो, मान ताठ ठेवून हो. पण कंटाळून किंवा कोणाला तरी शांत करायला म्हणून नको.

पैशांसाठी एक गोष्ट माहीत करून घे, विंडमिल मायक्रोलेंडिंग नावाची संस्था आहे, मूळची कॅल्गरीची. बाहेरून शिकून आलेल्या लोकांना लायसन्ससाठी कमी व्याजाने कर्ज देते, परीक्षेची फी, तयारीचे कोर्स, आणि अभ्यासाच्या काळातला घरखर्चसुद्धा त्यात धरता येतो, इथली मोठी क्रेडिट हिस्ट्री नसली तरी विचार करतात. रक्कम आणि दर त्यांच्या साइटवर बघ. क्रेडिट कार्डावर फी भरून हप्ते फेडत बसण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

कागदांचंही आत्ताच बघ. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना? ते लॅप्स होऊ देऊ नकोस, गुड स्टँडिंगचं, म्हणजे तुझ्याविरुद्ध काही नाही असं, पत्र पुढे मागतात. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून काही राहिलं असेल तर बाबांना विद्यापीठाच्या म्हसरूळच्या ऑफिसला पाठवण्याआधी फोन करून आणि वेबसाइट बघून नेमकं काय लागतं ते लिहून दे. आमच्याकडे आलेल्या कितीतरी लोकांचे वडील तिकडे उन्हात चकरा मारतात आणि एका शिक्क्यासाठी परत येतात.

परत जाण्याबद्दल. हा पर्याय मी नाकारत नाही, आणि त्यात हार वगैरे काही नाही. पण तो दरवाजा बंद होत नाहीये, हे लक्षात ठेवलंस तर तुझी निम्मी घाई कमी होईल. उद्या कॅनडाचं नागरिकत्व घेऊन ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, काढलंस तरी डेंटिस्ट म्हणून भारतात प्रॅक्टिस करायला ओसीआयवाल्यांना परवानगी आहे. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस इथे राहावं लागतं तेवढं बघायचं. म्हणजे इथला प्रयत्न पूर्ण करून जायचं असेल तर जाता येईल, अर्धवट सोडून गेलीस तर मात्र बार्शीत बसून मनात सतत एएफके चालू राहील असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं.

आणि बाबा. मला वाटतं सगळ्यात जास्त ओझं तुझ्यावर याचंच आहे, परीक्षेचं नाही. भगवंताच्या देवळात भेटणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलंय की मुलगी तिकडे डॉक्टर आहे, आणि तू व्हिडिओ कॉलवर क्लिनिकचा युनिफॉर्म घालून बसतेस, म्हणजे खोटं कोणीच बोलत नाही आणि खरंही कोणी सांगत नाही. तू त्यांना सांग. सविस्तर सांग, कुठल्या परीक्षा आहेत, किती आहेत, एक गेली, परत देतेय, इथे भारतातून आलेल्या डॉक्टर, डेंटिस्ट, फार्मसिस्ट सगळ्यांनाच हे करावं लागतं. चादर घातलेली खुर्ची ज्याने इतकी सांभाळून ठेवली तो माणूस हे ऐकून घेईल, एक-दोन दिवस गप्प बसेल कदाचित, पण ऐकेल. तू पास होशील त्या दिवशी त्यांना नेमकं कशाचा आनंद करायचा हे तरी कळायला हवं ना, आत्ता त्यांच्या हिशोबाने तू आधीपासूनच डॉक्टर आहेस. आणि त्या खुर्चीचं सांगते, नुसती चादर घालून ठेवली तर पाइप कडक होतात, कॉम्प्रेसर बिघडतो, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बार्शीत नुकतीच इंटर्नशिप संपवलेली एखादी मुलगी असेल, तिला क्लिनिक भाड्याने चालवायला द्या. खुर्ची चालती राहील, बाबांची संध्याकाळ पेशंटमध्ये जाईल आणि येणारं भाडं तुझ्या फीला लावा.

दुसऱ्या मुलाचं मी काही बोलणार नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं आहे, सासूबाईंनी नाही आणि मी तर नाहीच. फक्त तो निर्णय आणि परीक्षेची तारीख एका कागदावर शेजारी शेजारी लिहून घ्या.

नवऱ्याला दाखवू का विचारलंस. दाखव ना, आणि इथून पुढचं त्यांच्यासाठीच आहे.

नमस्कार. तुमच्या बायकोने तुमच्याबद्दल एकही वाईट शब्द लिहिलेला नाही, हे आधी सांगते. तुम्ही पगारात घर चालवताय, मुलाचं करताय, मला त्याची किंमत कळते, आणि परीक्षेत परत पैसे जातील ही भीतीही खरी आहे. पण तुमचा व्यवसाय लायसन्स मागत नाही, तुमचा अनुभव लॅपटॉपसोबत इथे आला आणि चालला. तिचा विमानतळावर थांबवला गेला. तुम्ही दोघं इथे आलात ते दोघांच्या पॉइंटवर आलात, तेव्हा आता तिच्या लायसन्सचा खर्च हा घराचा खर्च आहे, छताची डागडुजी जशी असते तसा. माझं म्हणणं एवढंच की या शनिवारी दोघांनी बसून घरखर्चाच्या त्याच एक्सेलमध्ये परीक्षेची ओळ घाला, फी, पुस्तकं, लॅब, आणि तिच्या कामाचे दिवस कमी झाल्याने जो पगार कमी होईल तोसुद्धा. बेसमेंटचं भाडं येत असेल तर वर्षभर ते त्या ओळीला द्या, गाडी बदलायचा विचार असेल तर तो पुढे ढकला. तिचे रोज सकाळचे दोन तास आणि शनिवारचा अख्खा दिवस कोणालाही न विचारता तिचा असू द्या, त्या दिवशी मुलगा, जेवण, लॉन्ड्री तुमच्याकडे, आणि मुलाला ताप आला तरी तो दिवस तिचाच. सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर, तुमची किंवा तिची आई येऊ शकते, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण त्यांना फक्त मूल सांभाळायला म्हणून बोलवणार असाल तर आधी त्यांनाही नीट विचारा, त्यांचंही वय आहे. आणि पुढची एएफकेची नोंदणी उघडली की फी जॉइंट अकाउंटमधून भरा, तिच्या साठवलेल्या पैशांना हात लावू नका.